ई-२० पेट्रोल, २०१४ची स्कूटर आणि मिरज-सांगली रोजचं येणंजाणं: काय करावं?

हळदीवाला, मिरज

नमस्कार मंडळी,

मिरजेत किल्ला भागात राहतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सकाळी स्कूटर काढायची, विश्रामबागेतून सांगली गाठायची, सौदे चालू असले की मधेच कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजला जाऊन पोती मोजायची आणि संध्याकाळी परत मिरज. स्कूटर २०१४ची, कार्बोरेटरवाली, ११० सीसी. ४५चं अ‍ॅव्हरेज ठरलेलं होतं. गेल्या वर्षभरात ३८वर आलंय.

पंपावरचा पोरगा म्हणतो, "ई-२० आलंय, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सगळ्यांचंच उतरलंय." मिस्त्री म्हणतो, इथेनॉल पाईप खातं, गाडी विकून मोकळे व्हा. मेव्हणा म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, त्याचा मित्र शोरूमला आहे. आमचे मालक म्हणतात, "दिवाणजी, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं तेल तुमच्या टाकीत जातंय, कौतुक करा." मालकांचा वाळव्यात ऊस आहे, हे जाता जाता सांगतो.

मला पर्यावरणातलं फार कळतं असं नाही. पण २०१९ आणि २०२१ असे दोन पूर सांगलीत पाहिले, त्यानंतर हा विषय वर्तमानपत्रातच ठेवून चालत नाही. तर विचारायचं ते असं. अ‍ॅव्हरेज खरंच इथेनॉलमुळं पडलं का? ह्या गाडीला ते चालतं का? हे इंधन खरोखर स्वच्छ आहे, की नुसता बोर्ड हिरवा? आणि लाखभर रुपये घालायचेच तर इलेक्ट्रिक, सीएनजी की आणखी काही?

घरातला एक प्रश्न वेगळाच आहे. आईला अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबातलंच लागतं. बंबात लाकूडफाटा, भुईमुगाची टरफलं, सापडेल ते. धूर सगळा वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि मग घरात काय होतं ते लिहीत नाही. गच्ची मोकळी आहे, ऊन भरपूर.

गिऱ्हाइकाला पटवायचं असतं तसं बोलू नका, आकडे सांगा. दिवाणजीला आकडेच कळतात.

मळीचा_वास, वाळवा

दिवाणजी, माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून झाली, आता घरी आहे. उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

तुमच्या मिस्त्रीचं आणि पंपावरच्या पोराचं दोघांचंही अर्धंच बरोबर. एक लिटर इथेनॉलमधली उष्णता एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे उष्णता सहा-सात टक्क्यांनी कमी. पण तुम्ही निव्वळ पेट्रोल भरत नव्हताच. जून २०२२मध्येच देशाची सरासरी दहा टक्क्यांवर गेली होती. दहावरून वीसवर जाताना फरक पडतो साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ४५चे साडेत्रेचाळीस झाले असते तर ते इथेनॉलच्या खाती लिहिलं असतं. ३८ म्हणजे पंधरा टक्के घट. उरलेले अकरा-बारा टक्के दुसरीकडं शोधा.

कुठं शोधायचे ते सांगतो. पहिलं म्हणजे मिश्रण. पेट्रोल जाळायला वजनाच्या पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पटच. २०२०नंतरच्या बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाड्यांत इंजेक्टर असतो, सेन्सर असतो, ती गाडी आपलं आपण सांभाळून घेते. तुमचा कार्बोरेटर आंधळा आहे, त्याला जेवढं भोक दिलंय तेवढंच इंधन सोडणार. त्यामुळं मिश्रण पातळ होतं, सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, पिकअप जातो, आणि मग आपण मूठ जास्त पिळतो. सेटिंग करून घ्या, गरज पडली तर मेन जेट, म्हणजे तेच इंधनाचं भोक, एक नंबर मोठा टाकायला सांगा आणि नंतर पीयूसी करून बघा. दुसरं, इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ आणि गंज सोडवून पुढं ढकलतं, तो फिल्टरमध्ये अडकतो. तिसरं इथेनॉलशी संबंधितच नाही: एअर फिल्टर, टायरची हवा, चाकाला घासणारे ब्रेक शू. जॅकवर लावून मागचं चाक हातानं फिरवून बघायला सांगा.

पाईप खातं हे खरं, पण त्यासाठी गाडी विकायची गरज नाही. जुन्या रबराचे पाईप, ओ-रिंग, कार्बोरेटरचं पॅकिंग फुगतं किंवा कडक होतं. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांत ई-२०ला टिकणारं साहित्य असतं, तुमच्या गाडीत नसणार. हे सगळं बदलून घ्यायला स्कूटरला फार पैसे लागत नाहीत.

आता पाण्याचं. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. ती पातळ करून यीस्ट घातलं की वॉशमध्ये, म्हणजे त्या आंबलेल्या द्रावणात, आठ-दहा टक्के अल्कोहोल (म्हणजेच इथेनॉल) होतं. ते उकळून, वाफ थंड करून ९५ टक्क्यांपर्यंत नेता येतं. त्यापुढं कितीही उकळा, पाणी सुटत नाही. मग मॉलिक्युलर सीव्ह म्हणजे बारीक छिद्रांच्या खड्यांच्या थरातून वाफ नेऊन ते ९९.५च्या वर न्यायचं. आयुष्यभर मी हे शेवटचे चार टक्के पाणी काढायचं काम केलं, आणि लोक पावसात टाकीचं सैल झाकण घेऊन फिरतात! इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाला बसतात आणि गाडी बंद. झाकणाचं रबर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडून द्या.

स्वच्छ आहे का, हा खरा प्रश्न. नीती आयोगाच्या हिशेबानं उसाच्या इथेनॉलचं हरितगृह वायूंचं ओझं पेट्रोलपेक्षा ६५ टक्क्यांनी कमी आणि मक्याच्या इथेनॉलचं ५० टक्क्यांनी कमी. ऐकायला मोठं वाटतं. पण ई-२०मधल्या एकूण उष्णतेत इथेनॉलचा वाटा चौदा टक्केच. त्याचे ६५ टक्के म्हणजे नऊ. म्हणजे तेवढंच अंतर चालायला तुमच्या स्कूटरचा कार्बन नऊएक टक्क्यांनी उतरला. नाही म्हणायचं कारण नाही, पण मिरवणूक काढण्याएवढंही नाही. आणि तुमच्या गाडीतून ते अकरा-बारा टक्के नुसतेच वाया चाललेत, म्हणजे इथेनॉलनं जे दिलं त्याहून जास्त तुमचा ब्रेक शू खातोय.

स्वस्त का मिळत नाही, हे कुणी विचारायच्या आधी सांगतो. २०२४-२५च्या हंगामात तेल कंपन्यांनी सी-हेवी मळीच्या (साखर पुरती काढून उरलेल्या) इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दिले, बी-हेवीला (थोडी साखर राहू दिलेल्या मळीला) ६० रुपये ७३ पैसे, थेट उसाच्या रसाला ६५ रुपये ६१ पैसे आणि मक्याला ७१ रुपये ८६ पैसे. वर जीएसटी आणि वाहतूक. ह्यात तुमच्यासाठी सूट कुठून निघणार?

वडाप_सांगली

काकांनी आख्खा धडा घेतला, छान. मी फक्त एवढंच विचारतो, मिरज-सांगली दहा-अकरा किलोमीटर, दर थोड्या वेळानं शहर बस, नसली तर वडाप म्हणजे शेअर जीप, आणि मिरज जंक्शनवरून सांगली स्टेशनला गाड्या आहेत. पुणे-मिरज मार्गाचं विद्युतीकरण होऊन गेलंय. तीन पर्याय असताना गाडीची चर्चा चाललीय. कुपवाडला जायचं नसेल त्या दिवशी तरी बसनं जा की ओ.

हळदीवाला, मिरज

काका, वाचता वाचता चहा गार झाला. सगळं एका कागदावर उतरवून घेतलं.

वडापराव, तुमचं म्हणणं बरोबर, पण सौदा सुरू झाला की वेळेला किंमत असते. बस चुकली म्हणून हळदीचा ढीग थांबत नाही. बाकीच्या महिन्यांत जमेल. स्टेशनवरून यार्डात परत रिक्षा लागते, तो खर्च धरून सांगा.

बोरणे_घाट, सातारा

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, शाळा ठोसेघरच्या बाजूला. विज्ञान शिकवते. इलेक्ट्रिक स्कूटर वापरते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

आधी सगळ्यांना पडणारी शंका: घाटात चढते का? चढते. गाडी आणि मी मिळून पावणेदोनशे-दोनशे किलो, सातारा ते वरचं पठार साधारण चारशे मीटर उंची. एवढं वजन एवढं उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे लागते ०.२ युनिट, मोटारीतली घट धरून पाव. बॅटरी तीन युनिटची. म्हणजे चढाला बॅटरी जादा खाते ती आठ-नऊ टक्के, त्यातली थोडी उतरताना परत येते. हे गणित मी नववीच्या मुलांना गाडी मैदानात उभी करून करायला लावते, त्यांना पाठ्यपुस्तकातल्या पेटीपेक्षा बाईंची गाडी उचलायला जास्त मजा येते. तुमचा रस्ता तर सपाट आहे.

कार्बनचं म्हणाल तर: तुमची स्कूटर १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर पेट्रोल जाळते असं धरू, म्हणजे चांगल्या दिवसांतलं अ‍ॅव्हरेज. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पाच किलो. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली घट धरून साडेतीन युनिट लागतात. आपल्या देशाच्या ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास पडतो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची. साडेतीन गुणिले सात दशांश, अडीच किलो. निम्मं. शून्य नाही! गाडीवर हिरवं पान चिकटवून "झिरो पोल्युशन" लिहितात ते वाचलं की मला लाल पेन काढावंसं वाटतं.

शाळेच्या वाटेवर समोर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दिसतात, पलीकडे खाली कोयनेचं १९६० मेगावॉटचं जलविद्युत. त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये एक जण छातीठोकपणे सांगतो की साताऱ्याची वीज हिरवीच. वीज ग्रिडमध्ये गेली की तिला गाव नसतं. पवनचक्क्या जोरात फिरतात त्या जून ते सप्टेंबर; जानेवारीत संध्याकाळी सात वाजता गाडी चार्जिंगला लावली तर ती कोळसाच खाते, असं धरून चालावं.

मग आम्ही छतावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे. एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट धरा, पावसाळ्यात कमी. गाडी शनिवार-रविवार दुपारी लावते. बाकी दिवशी नेट मीटरचा हिशेब, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा.

आता न आवडलेलं. पहिल्या पावसाळ्यात गाडीचा डिस्प्ले गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण सुटा भाग यायला इतके आठवडे लागले की शाळेतल्या शिपाईमामांनी विचारायचं सोडून दिलं. घेण्याआधी शोरूम बघू नका, सर्व्हिस सेंटरच्या मागच्या अंगणात किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते बघा. बॅटरीची वॉरंटी वर्षांत आणि किलोमीटरमध्ये दोन्ही वाचा. जुन्या बॅटरीचं काय, असं लोक विचारतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकाची आहे, भंगारवाल्याला देऊ नका.

आणि किल्ला भागातलं जुनं घर म्हणताय, म्हणून: आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासा. १५ अँपिअरचं स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी. पडवीतल्या प्लगला एक्स्टेंशन लावून रात्रभर गाडी चार्ज करायची नाही म्हणजे नाही. दाट धुकं असलं की मी गाडी घरीच ठेवते आणि एसटीनं जाते, मार्च २०२३पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे.

बंबाबद्दल: १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला चार युनिट लागतात, तेवढी उष्णता सूर्य गच्चीवर फुकट ओततो. सोलर वॉटर हीटर हा तुमच्या यादीतला सगळ्यात सोपा निर्णय आहे, स्कूटरच्याही आधीचा. बोअरचं पाणी असेल तर क्षार धरतात, नळाच्या पाण्यावर जोडा. आईंसाठी बंब ठेवा, सोलरचं गरम पाणी बंबातच ओता. त्यांना तोटी तीच दिसेल.

गच्चीवरची_काजळी

वर सगळं वाचलं. मी साखर कारखान्याच्या चिमणीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. गळीत हंगामात गच्चीवर पापड घालता येत नाहीत, सकाळी अंगण झाडलं की सुपलीभर काळी राख. नदीत मासे मरून वर आले की चार दिवस बातमी, मग सगळं शांत. आणि तुम्ही ६५ टक्के म्हणता. काका, हे तुमच्या हिशेबात कुठं बसतं?

मळीचा_वास, वाळवा

बसत नाही. त्या ६५ टक्क्यांत कार्बन मोजलाय. तुमचे पापड आणि नदीतले मासे त्यात नाहीत.

एक लिटर अल्कोहोल काढलं की मागं आठ-बारा लिटर स्पेंटवॉश उरतो. काळा, आम्लधर्मी, नाकाला झोंबणारा. हा नदीत गेला तर पाण्यातला प्राणवायू जिवाणूच संपवतात आणि मासे गुदमरतात. नियमाप्रमाणे थेंबही बाहेर सोडायचा नाही. आधी बंद टाकीत कुजवून त्यातून मिथेन काढायचा, तो बॉयलरला. मग उरलेलं आटवून खास बॉयलरमध्ये जाळायचं, नाहीतर प्रेसमडवर, म्हणजे रस गाळताना निघालेल्या गाळावर, शिंपडून खत करायचं. हे सगळं नीट चालवता येतं, मी चालवलंय. पण यंत्रणा चालवायला वाफ आणि पैसा लागतो, आणि पावसाळ्यात खताचं मैदान चालत नाही. काजळीचंही तेच. चिमणीला धूळ पकडणारी यंत्रणा असते, ती चालू ठेवावी लागते.

मासे मेल्यावर नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत नदीचं पाणी पुढं गेलेलं असतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं तक्रार करताना वेळ लिहा, फोटो काढा, वास कोणत्या बाजूनं आला तेही लिहा.

दुसरी गोष्ट पाण्याची, तीही कुणी विचारत नाही. उसाच्या एक लिटर इथेनॉलमागं २,८६० लिटर पाणी, हाही नीती आयोगाच्याच अहवालातला आकडा. कृष्णाकाठी कुणाला काही वाटणार नाही. पण आपल्याच जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आहेत. ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या उपसा योजनांचं पाणी विजेनं टप्प्याटप्प्यानं उचलून तिकडं नेलं जातं, आणि ते पाणी शेतात पोचलं की तिथंही ऊस! माझ्या मतानं सी-हेवी मळीचं इथेनॉल उत्तम, कारण साखर काढून उरलेल्या वस्तूतून ते निघतं. उसाच्या टनाला दहा-अकरा लिटर. थेट रसातून टनाला सत्तर लिटर निघतं, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडं. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३मध्ये सरकारनंच रसाच्या इथेनॉलला लगाम घातला होता.

ह्यावर दुसरा विचार झालाच नाही असं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि मंडळींनी उसाऐवजी गोड ज्वारीच्या ताटांच्या रसातून इथेनॉल काढायचं काम कित्येक दशकांपूर्वी केलं. कमी पाण्यात येणारं पीक, कणीसही मिळतं. त्यांनी अल्कोहोलवर चालणारी शेगडी आणि कंदीलही बनवला. विजेवर चालणारी सायकल-रिक्षा त्यांनी फलटणला १९९०च्या दशकात केली होती, तेव्हा आपल्याकडं ई-रिक्षा कुणाला माहीत होती? आपण त्यावेळी ज्वारी मोडून ऊस लावत होतो.

हां, दिवाणजींच्या सीएनजीचं राहिलं. २०२४मध्ये आलेल्या सीएनजी मोटारसायकलला दोन किलोची टाकी आणि दोन लिटर पेट्रोल आहे. कंपनी किलोला शंभर किलोमीटरच्या वर सांगते. तेवढं दिलं तर १०० किलोमीटरला पावणेतीन किलो कार्बन, म्हणजे इलेक्ट्रिकच्या जवळपास. पण पंपावरची रांग तुम्हीच बघा. हाच गॅस प्रेसमड आणि शेणापासूनही करतात, २०१८पासून सरकारची 'सतत' नावाची योजना आहे. कारखान्यांनी त्यात जोर लावला तर मला आनंद आहे.

खोडवा, पलूस

राम राम. सगळी गाडीच्याच मागं लागलेत, म्हणून घरातलं सांगतो.

आमच्याकडं दोन घनमीटरचा गोबरगॅस हाय, आबांच्या काळातला, पक्क्या घुमटाचा. पन्नास किलो शेण लागतंय रोज, पाच जनावरं दावणीला असली की भागतंय. शेण तेवढंच पाणी घालून कालवायचं, काडीकचरा जाऊ द्यायचा न्हाई. एका घनमीटरचा गॅस म्हणजे साडेचारशे ग्रॅम सिलेंडरच्या गॅसइतका. पुरता चालला तर म्हैन्याला दोन टाक्यांच्या जवळ जातंय. थंडीत कमी पडतो, दिवाळी ते संक्रांत सिलेंडर हाताशी ठेवावाच लागतो. गावात निम्मे गोबरगॅस बंद पडलेत, कारण विचारलं तर गॅस येत न्हाई म्हणत्यात. आत वर साय धरलेली असती, ती कुणी मोडायची? पोरांना शेणात हात घालायला नको.

माझ्या मते गॅसपेक्षा स्लरी, म्हंजे टाकीतनं भाईर येणारा पातळ काला, भारी. ऊसाला, भाजीला, सगळ्याला.

आणि पाचट, म्हंजे उसाचा वाळका पाला, जाळू नका, हे मी इथं लिहितो आणि गावात बोलतो, दोन्हीकडं लोक हसत्यात. ऊस तुटून गेला की संध्याकाळी काडी लावायची, रातभर आभाळ लाल. एकरी तीन-चार टन पाचट असतंय, त्याचा कुट्टी मारून सरीत दाबलं, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं जिवाणू टाकलं की खोडव्याला, म्हंजे तोडीनंतर परत फुटलेल्या उसाला, एक-दोन पाणी वाचतंय आणि तण कमी. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं पाचटाचा कोळसा करायची भट्टी काढली होती, त्याला २००२ला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस पण त्यांचाच, त्याला २००६ला परत तोच पुरस्कार. दिवाणजी, तुम्हाला शहरात जनावरं न्हाईत, तुमच्यासाठी तो बरा. शिळा भात, पीठ, कुजकी फळं, काहीबी चालतंय.

बंबाचं म्हणाल तर म्हातारीला धूर लागू द्या थोडा, पण त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आन् चपला जाळू देऊ नका. आमच्या आळीत लोक जाळत्यात, तो धूर वाईट.

हळदीवाला, मिरज

सगळ्यांचे आभार. जे झालं ते सांगतो.

मिस्त्रीकडं काकांचा कागद घेऊन गेलो. आधी म्हणाला, "हे कुणी लिहून दिलं?" मग मागचं चाक फिरवलं तर खरंच जड. ब्रेक शू घासत होता, एअर फिल्टर काळा झाला होता. पाईप, ओ-रिंग, झाकणाचं रबर बदललं, सेटिंग केलं. जेट मात्र त्यानं बदलू दिला नाही, म्हणाला आधी हे चालवून बघा. आता ४२-४३ पडतंय. काकांच्या हिशेबाजवळच आलं.

इलेक्ट्रिक पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवली. मेव्हण्याला वाईट वाटलं, त्याच्या मित्राला जास्त. लाखातले पैसे आधी सोलर हीटरला जातील. फिटिंगवाला येऊन गच्ची मोजून गेला. आईला बोरणेताईंची युक्ती सांगितली, म्हणाली "पाणी तेच असेल तर मला काय?" आता बाजार मंदीचा आहे तोवर बसनं जातोय, वडापराव खूश व्हा.

खोडवादादा, एक विचारायचं होतं. आमच्या दुकानाच्या मागं हमालांची खाणावळ आहे, रोज बादलीभर खरकटं निघतं. मालकांना तो छोटा बायोगॅस पटवतोय. खाणावळीतली सिलेंडरचीच शेगडी त्यावर चालेल का?

खोडवा, पलूस

तशीच न्हाई चालणार. बायोगॅसमध्ये मिथेन पंचावन्न-साठ टक्केच, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि दाब पण कमी. सिलेंडरच्या शेगडीचं नोझल बारीक असतंय, ज्योत उडते नाहीतर पेटतच न्हाई. बायोगॅसचीच शेगडी घ्या, वेगळी मिळते. पाईपमध्ये पाणी साठतं, सखल जागी एक तोटी ठेवा आणि आठवड्याला सोडा. सुरवातीला शेण लागतंय थोडं, जिवाणू तयार व्हायला. मार्केट यार्डात बैलगाड्या येत असतील तर तिथंच मिळंल, नसलं तर पलूसला या, पोतं भरून देतो. आणि खाणावळवाल्याला सांगा, लिंबाच्या साली आन् कांद्याची टरफलं त्यात टाकायची न्हाईत, आणि हाडंबी न्हाईत.

बोरणे_घाट, सातारा

टाकी उन्हात ठेवा, सावलीत नको. हमाल बंधू किती जेवतात त्यावर टाकी ठरेल, आकडा टाका इथे, मी मुलांकडून हिशेब करून घेते.